शून्यावर आणलेला काटा

तारणी खोऱ्यात जमीन हलली की माणसं आधी पोरंबाळं घेऊन अंगणात येत आणि मग जयमाला शेलारला फोन लावत. "वैनी, कितीचा हुता? आनखी येनार का?" जयमाला भूकंपमापकाच्या काट्याकडे बघून सांगायची, "दोन पूर्णांक एक. चहा घ्या अन् कामाला लागा." लोक चहा घेत आणि कामाला लागत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. धरणाच्या वरच्या अंगाला, आंबेरीच्या माळावर भूताण निरीक्षण केंद्र होतं. ती तिथे निरीक्षक म्हणून लागली तेव्हा केंद्रात दोन खोल्या, एक बर्वे नावाचे साहेब आणि कोळ्यांनी भरलेलं एक कपाट होतं. साहेब निवृत्त झाले, कपाट मोडीत गेलं, जयमाला राहिली. खोऱ्यात तिच्या शब्दाला जे वजन होतं ते आमदाराच्या शब्दालाही नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग २०४३ च्या दिवाळीनंतर सानिका आली.

सानिका म्हणजे तिची धाकटी जाऊ. दीर विक्रांत नाशिकला नोकरीला होता, तिथेच त्यानं लग्न जमवलं होतं. सहा वर्षं सणावारापुरती दिसणारी ही बाई एके दिवशी केंद्राची प्रमुख होऊन दारात उभी राहिली. भूभौतिकीतली डॉक्टर, वय चौतीस. म्हणजे ऑफिसात थोरली जाऊ धाकटीच्या हाताखाली, आणि घरी धाकटी थोरलीच्या हातच्या भाकरी खाणार. जावाजावांचं एरवीच जमत नाही. त्यात सरकारनं अशी तजवीज करून ठेवल्यावर काय बोलायचं!

हेवा सुरू झाला तो अगदी बारक्या गोष्टींपासून. जयमाला सव्वीस वर्षं सासूला 'आत्याबाई' म्हणत आली. सानिका पहिल्या दिवसापासून सरळ 'आई' म्हणाली, आणि म्हातारी खुलली. सानिकाची भाकरी तव्यावर फाटली तर आत्याबाई हसून म्हणाल्या, "शिकल्याली हाय, तिला कुठली जमायला!" जयमालाची पहिली भाकरी फाटली होती तेव्हा ह्याच बाईनं ती शेजारणीला बोलावून दाखवली होती. नवऱ्याला, सर्जेरावला सांगावं, तर तो म्हणाला, "अगं, पोरगी हुशार आहे. चार गोष्टी शिकून घे तिच्याकडनं." ह्या वाक्यानंतर सर्जेरावाला दोन दिवस आमटीत मीठ सापडलं नाही.

सानिकानं आणलेल्या प्रकल्पाचं नाव होतं 'उतारा'. आजाऱ्यावरून भात-लिंबू ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो उतारा खोऱ्याला माहीत होता. जमिनीचा ताण उतरवणारा उतारा ही नवीच गोष्ट. तिनं गावोगाव सभा घेतल्या आणि जयमालाला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की बाई समजावते झकास.

"घरातलं जड कपाट फरशीवरून ढकलताना काय होतं?" कोंडोशीच्या सभेत सानिकानं बायकांना विचारलं होतं. "आधी ते जागचं हलत नाही. आपण जोर वाढवत जातो, वाढवत जातो, आणि मग ते एकदम हातभर सरकून भिंतीवर आदळतं. जमिनीखाली हेच चाललंय. भेगेच्या दोन बाजूंचे खडक घर्षणानं एकमेकांना धरून बसलेत, पण त्यांच्यावरचा रेटा काही थांबत नाही. खडक सरकत नाहीत म्हणून किंचित वाकतात, दबतात. तो ताण वर्षानुवर्षं साठतो. पकड सुटली की एका दमात बाहेर पडतो. तोच भूकंप. आता मला सांगा, कपाटाखाली थोडं साबणाचं पाणी सोडलं तर?"

"हळूहळू सरकंल," एक म्हणाली.

"आन् फरशी कोन पुसनार?" दुसरी म्हणाली, आणि सभा हसली. सानिकाही हसली. जयमाला मागच्या खुर्चीवर बसून पदराची गाठ सोडत-बांधत राहिली.

'उतारा' त्या साबणाच्या पाण्यासारखंच काम करणार होता. तीन किलोमीटर खोल विहीर खणून भेगेत मोठ्या दाबानं पाणी सोडायचं, म्हणजे खडकांची पकड ढिली होते आणि भेग बोटाबोटानं सरकत ताण सोडते. विहिरीत काचेची एक केसाएवढी तार उतरवलेली असते, ती भेगेचं प्रत्येक कण्हणं ऐकते. किती पाणी, किती दाबानं, कधी थांबायचं, हे सगळं 'उतारा'चं संगणकी डोकं ठरवतं. परदेशात दोन ठिकाणी हे करून झालं होतं, आणि आंबेरीची विहीर सानिका यायच्या आधीच खणून तयार होती.

अडचण एकच होती, आणि तीही सानिकानं लपवली नाही. खोऱ्यात भेगा दोन. एक आंबेरीची, माळाखालून जाणारी. दुसरी सात किलोमीटर खाली, कोंडोशी गावाच्या पोटातून. "चौघींनी मिळून पंगतीचं पातेलं उचललंय असं समजा. एकीनं हात सैल केला की तिचं वजन शेजारणीच्या हातावर येतं. एका भेगेचा ताण उतरला की त्यातला थोडा दुसरीच्या अंगावर जातो. म्हणून जी ताणानं भरलीय तिच्यात पाणी सोडायचं, आणि शेजारची मोकळी आहे ना हे आधी बघायचं. 'उतारा'नं एकवीस वर्षांच्या नोंदी तपासल्यात. आंबेरीची भेग अजिबात सरकत नाही, घट्ट अडकलेली आहे, भरत आली आहे. तिचा भार कोंडोशीवर पडलेलाच नाही, त्यामुळे कोंडोशीची मोकळी आहे. आपण आंबेरीत पाणी सोडू."

सभा संपली. दोन तास इतकं जीव तोडून बोलल्यावर केरबा झोरे नावाचा सत्तरीचा गडी उठला आणि सानिकाच्या डोक्यावरून मागे बघत म्हणाला, "वैनी, ह्या म्हंत्यात ते खरं का?" जयमालाला त्या क्षणी जे सुख झालं ते तिला पोरीच्या बारशालाही झालं नव्हतं. तिनं मुद्दाम थोडा वेळ लावला, मग मान हलवली. केरबा खाली बसला. सानिका कागद गोळा करत होती, तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या आठवड्यात त्याची परतफेड झाली. निदान जयमालाला तरी तसं वाटलं.

"ताई, तुमचं ते तारेचं यंत्र आता काढू या," सानिका म्हणाली. "बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवू. शाळेची मुलं बघतील."

तारेचं यंत्र म्हणजे जयमालाचा जीव. आंबेरीच्या भेगेच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे दोन ठोकळे, त्यांच्यामध्ये भेगेवरून तिरकी ताणलेली तार. उन्हानं न वाढणाऱ्या पोलादाची. एका टोकाला लांब आट्यांचा स्क्रू, दुसऱ्या टोकाला वजन आणि काटा. जमीन केसभर सरकली तरी काटा हलायचा आणि त्याच्यासमोरचा डोळा ते टिपून संगणकाला कळवायचा. बावीस वर्षं ती त्या खंदकवजा खोलीत रोज उतरत होती. आणि ही कालची पोर म्हणते, काचेच्या पेटीत.

"तुझ्या मनाला येईल ते कर," जयमाला म्हणाली. "तू साहेब."

"ताई, तसं नाही हो."

"तसंच आहे."

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पाणी सोडायचा मुहूर्त ठरला. तारेचं यंत्र त्यानंतरच काढायचं होतं. मंत्री येणार होते. मंगळवारी दुपारी केंद्रात सगळे मांडवाच्या गडबडीत असताना जयमाला आपल्या टेबलाशी बसली आणि तिनं 'उतारा'चा अहवाल उघडला. खोटं कशाला बोला, ती चूक शोधायलाच बसली होती. एखादा आकडा चुकलेला असावा, एखाद्या गावाचं नाव तरी. पाचव्या पानावर 'कोंडोशी'चं 'कोंडशी' झालेलं सापडलं तेव्हा तिला अर्धा पेढा खाल्ल्यासारखं वाटलं. आणखी हवं म्हणून ती पुढे गेली. तेराव्या पानावर तिच्या तारेचा आलेख होता.

एकवीस वर्षांची निळी रेघ. दर पावसाळ्यात चढायची, सहा मिलिमीटरपर्यंत जायची, आणि पाऊस सरल्यावर शून्यावर परत यायची. खाली सानिकाचं वाक्य होतं: 'जलाशय भरताना भेगेवर भार येऊन खडक वाकतो व नंतर मूळ स्थितीत येतो. भेग सरकलेली नाही.'

मूळ स्थितीत येतो? जयमालानं चष्मा पुसला. रेघ परत यायची ती कधी सप्टेंबर सरता सरता, कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कधी निम्मा ऑक्टोबर उलटल्यावर. धरणाचं आणि त्या तारखांचं काही जमत नव्हतं. मग कशाशी जमत होतं? तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं.

खंडेनवमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुतार करवत पूजतो, शिंपी मशीन पूजतो, एसटीच्या डेपोत गाड्यांना हार चढतात. जयमाला तार पूजायची. ताणलेल्या तारेला हात लावता येत नाही म्हणून ती आधी वजन उतरवायची, तार सैल करून तेलाच्या फडक्यानं पुसायची, ठोकळ्यांना हळदकुंकू, वर झेंडू. मग तार पुन्हा चढवायची आणि स्क्रू पिळून काटा शून्यावर आणून ठेवायची. देवापुढे यंत्र कोरं असावं, असं तिला वाटायचं. पहिल्या वर्षी बर्वेसाहेबांना विचारलं होतं, ते पेपरातून मान वर न करता "हं" म्हणाले होते. त्या 'हं'च्या बळावर एकवीस वर्षं काटा शून्यावर आला.

म्हणजे भेग परत येत नव्हती. तिला जयमाला परत आणत होती. भेग दर पावसाळ्यात सहा मिलिमीटर सरकत होती, मुरणारं पाणी मिळेल तेवढं घेत आपणहून ताण सोडत होती. वरून उपग्रहाला ते घाटाच्या दाट रानातून दिसत नव्हतं. सानिकाची काचेची तार उतरली नोव्हेंबरात, भेग निजल्यावर. आंबेरीची भेग अडकलेलीच नव्हती! आणि ती सरकत होती तर तिच्या हातचं ओझं एकवीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर जात होतं. कोंडोशीची भेग गप्प होती ती मोकळी होती म्हणून नव्हे, दात ओठ खाऊन धरून बसली होती म्हणून. आता आंबेरीत पाणी सोडलं की कोंडोशीच्या हातून पातेलं सुटणार.

जयमाला उठली. सानिका बाहेर मांडवात मंत्र्यांच्या खुर्चीला आच्छादन घालत होती. वीस पावलांचं अंतर. दारापर्यंत गेल्यावर तिच्या मनात आलं ते असं: सांगितलं तर काय सांगायचं? की माझी बावीस वर्षांची नोंद, जिच्यासाठी खोरं मला मानतं, ती मीच हळदकुंकू लावून बुडवली? आणि कुणाला सांगायचं, तर हिला? त्यामागून दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा गोड होता. उद्या हिचं यंत्र बिघडलं तर? मंत्र्यांसमोर? सगळ्या खोऱ्यासमोर पडू दे की एकदा तोंडावर. पहिल्या दिवशी दाब थोडाच असतो, कुणाचं काही जात नाही. मग आपण पुढे व्हायचं, 'मी बघते' म्हणायचं. ती दारातून मागे फिरली आणि तिनं अहवाल मिटला.

बुधवारी मांडव भरला. सानिका मोरपंखी पैठणी नेसून आली होती, आणि ती नेसवली होती आत्याबाईंनी, स्वतःच्या ट्रंकेतली. जयमालानं ती पैठणी सव्वीस वर्षांत दोनदा लांबून बघितली होती. भाषणात सानिकानं शास्त्रज्ञांची नावं घेतली, नाशिकच्या गुरूंचं घेतलं, आणि शेवटी म्हणाली, "केंद्रातील सर्व कर्मचाऱ्यांचेही आभार." कर्मचारी! सांगून टाकावं असं जयमालाच्या मनात येत होतं, ते तिथेच मिटलं.

कळ दाबली गेली. आणि यंत्र बिघडलं नाही. पडद्यावर आंबेरीची भेग लोण्यासारखी सरकली, 'उतारा'नं सांगितलं होतं त्याच्याहून सुरेख. का सरकणार नाही? ती तर सरकणारीच भेग होती. लोकांनी टाळ्या पिटल्या, मंत्र्यांनी सानिकाला शाल-श्रीफळ दिलं, आत्याबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. जयमालाला तिथे उभं राहणं अवघड झालं.

ती मांडवाबाहेर आली तर केरबा झोरे तंबाखू मळत उभा. "काय वैनी, समदं ठीक हाय न्हवं?"

त्या वेळी तिला सांगता आलं असतं. केरबाला नाही तरी कुणालाही. पण आत टाळ्या वाजत होत्या.

"ठीक आहे," ती म्हणाली. केरबा घरी गेला.

गुरुवारी दुपारी बारा वाजता पडद्यावर कोंडोशीच्या बाजूला बारीक ठिपके दिसू लागले. एकेक ठिपका म्हणजे माणसाला न कळणारा एकेक धक्का. 'उतारा'नं त्यांना किरकोळ म्हणून खूण केली होती. तासाभरात ते ठिपके एका रांगेत आले. रांग गावाखालून जात होती. जयमालाचा हेवा बिवा सगळा कुठल्या कुठे गेला, नुसती भीती उरली. ती खंदकात धावली, तिनं ठोकळ्यातला स्क्रू जिथवर बाहेर आला होता तिथे खडूची खूण केली, पाना लावून तो पूर्ण बाहेर काढला आणि तेलानं माखलेल्या हातांनी तो सानिकाच्या टेबलावर, फायलींवर ठेवला.

"खुणेपर्यंतचे आटे मोज," ती म्हणाली. "एक आटा एक मिलिमीटर. मी लागले तेव्हा हा पूर्ण आत होता."

सानिकाला काही कळेना. मग जयमालानं खंडेनवमीचं सांगितलं, चार वाक्यांत. सानिकाचं बोट आट्यांवरून सरकत गेलं. एकशे सत्तावीस. तिनं पंप बंद केला, कोंडोशीचा भोंगा वाजवला आणि सरपंचाला फोन लावला. "घरं रिकामी करा. आत्ता. जेवणाची ताटं तशीच राहू देत." सरपंच विचारू लागला की वैनी काय म्हणतात. सानिकानं फोन जयमालाच्या हातात दिला.

"बाहेर पडा," जयमाला ओरडली. "मी सांगतेय, पडा बाहेर!"

पाणी थांबलं तरी आत गेलेला दाब लगेच थांबत नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी धक्का बसला. चार पूर्णांक नऊ. केंद्राच्या काचा फुटल्या. कोंडोशीत एकशे चाळीस घरांच्या भिंती खाली आल्या. शाळेचं छप्पर वर्गांत बसलं. माणसं मात्र माळावर होती, अकराशे माणसं, उन्हात उभी. एक नव्हता. केरबा झोरे गोठ्यातली म्हैस सोडायला परत गेला होता.

पुढचे दहा दिवस जयमाला खोऱ्याची देवी झाली. वैनीनं जुन्या यंत्रावरून ओळखलं, वैनीनं गाव वाचवलं, साहेबीण पुस्तकातलीच निघाली. ज्याच्यासाठी ती चार महिने जळत होती ते सगळं ताट वाढून पुढे आलं. आत्याबाईंनी लोकांदेखत तिच्या पदराला हात लावला आणि म्हणाल्या, "माझी थोरली खरी." सर्जेराव तिला पाणी आणून देऊ लागला. सानिकावर चौकशी बसली. ती घरात कुणाशी बोलत नव्हती, विक्रांतशीही नाही. जयमालाला घास गिळेना. लोकांना वाटलं, केरबाचं दुःख.

चौकशीच्या आदल्या दिवशी ती परसात भांडी घासत होती. सानिका येऊन पायरीवर बसली.

"ताई, अहवाल कुणी कधी उघडला ह्याची केंद्रात नोंद राहते," ती म्हणाली. "तुम्ही मंगळवारी उघडलात. दोन वाजून दहा मिनिटांनी. तेरावं पान पंचवीस मिनिटं उघडं होतं."

जयमालाच्या हातातली राख तशीच राहिली. नाकारायचं तिच्या मनातही आलं नाही. उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून छातीवरचा दगड उचलल्यासारखं वाटलं.

"हो," ती म्हणाली. "मला तू पडायला हवी होतीस. सगळ्यांसमोर. तुझा हेवा वाटत होता मला, भाकरीपासून पैठणीपर्यंत. दोन दिवस तोंड शिवून बसले."

सानिका मातीकडे बघत म्हणाली, "'उतारा'नं मला विचारलं होतं. डिसेंबरात. एकवीस ठिकाणी रेघ एका दिवसात खाली येते, निरीक्षकाला कारण विचारा, असं पडद्यावर आलं होतं. मी 'दुर्लक्ष करा' दाबलं."

"का?"

"आदल्या दिवशी कोंडोशीची सभा झाली होती. मी दोन तास बोलले आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, खरं का म्हणून. मी सहा वर्षं ह्या घरची सून आहे, ताई, घरात मीठ कुठे आहे हेसुद्धा लोक तुम्हालाच विचारतात. तुमच्याकडे येऊन 'हे काय आहे' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, असेल यंत्राची खोड."

नळ गळत होता, तो कुणी बंद केला नाही.

"उद्या मी मंगळवारचं काढणार नाही," सानिका उठत म्हणाली. "चूक माझ्या सहीनं झाली, माझ्यावरच राहू दे. तुम्हाला इथे राहायचंय. मी काय, नाशिकला जाईन."

हे ऐकून जयमालाला भरून यायला हवं होतं. आलं नाही. तिला संताप आला, तोच जुना, ओळखीचा. म्हणजे ह्यातही हीच मोठी? क्षमा करून वर निघून जाणार, आणि आपण जन्मभर हिच्या उपकाराच्या भाकरी थापत बसणार?

"एवढं मोठेपण तुला एकटीला घेऊ देणार नाही मी," ती म्हणाली आणि पुन्हा भांड्यांना लागली.

चौकशी आंबेरीच्या शाळेत झाली. तीन अधिकारी, पुढे कोंडोशीची माणसं, पहिल्या बाकावर केरबाची बायको हौसाबाई. कपाळ मोकळं, हात मोकळे. आधी सानिका उभी राहिली आणि तिनं डिसेंबरातलं 'दुर्लक्ष करा' सांगितलं. सभागृहात शिव्या उठल्या. अधिकाऱ्यांनी शांत केलं आणि जयमालाचं नाव पुकारलं. ती उठली तेव्हा मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या.

"टाळ्या नकोत," ती म्हणाली. "मला हे गुरुवारी कळलं नव्हतं. मंगळवारी कळलं होतं. बुधवारी पाणी सोडलं तेव्हा मला ठाऊक होतं. केरबामामांनी मला मांडवाबाहेर विचारलं, ठीक आहे का. मी ठीक आहे म्हणाले."

अधिकाऱ्यांपैकी एकानं पेन खाली ठेवलं. हौसाबाईंनी हळूच मान वर केली.

"दोन दिस," त्या म्हणाल्या. "कशापायी?"

जयमालानं रात्रंदिवस घोळवलेली सगळी कारणं, नोंदीची लाज, नोकरी, 'थोडाच दाब असतो', एकही तोंडातून निघेना.

"जावेच्या हेव्यापायी," ती म्हणाली.

हौसाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या सानिकाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. पदर सावरून त्या उठल्या.

"आमी आपलं भुकंपानं गेला म्हनत हुतो," त्या म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या.